लटारूच्या नावावरची छाती

१

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. वाटू नयेच. मलाही ती सकाळी उठल्यावर खोटी वाटते आणि चहा पोटात गेला की पुन्हा खरी होते. पण चंद्रपूरकडच्या मूल गावापासून गडचिरोलीकडच्या चामोर्शीपर्यंत कोणालाही विचारा. नथ्थू प्रॉम्प्टरनं आयुष्यात एकच गोष्ट फुगवून सांगितली नाही, ती हीच.

आमच्या गावच्या उपकेंद्राच्या ओसरीवर आज रांग लागली आहे. आत छातीचा फोटो काढायचं यंत्र आलंय. लग्नातल्या फोटोग्राफरच्या हातात असतो, तेवढाच कॅमेरा. माझ्याशेजारी धुरपताबाई. पोळ्यापासून खोकते आहे. पदरात तोंड खुपसून खोकते आणि तिचा नंबर आला की मागच्याला पुढे ढकलते. सकाळपासून अर्धी रांग तिनं अशीच आत पाठवली.

"बाई, जा ना जी आता," मी म्हणालो.

"मले नाई काढाचा फोटो. त्या डब्ब्यात म्हणते डॉक्टर नाई, कम्प्युटरच सांगते रोग हाये का नाई. लाल डाग दाखवते म्हणते. एकडाव लाल निघालं का सारं गाव माह्याकडे वाकून पाह्यते. लेकरं मांडीवर येत नाई. मले ठाऊक हाये."

"बसा इथी. त्या डब्ब्याची अन् माही जुनी ओळख हाये."

"तुमची तर वाघासंगंबी ओळख हाये म्हणता."

"आहेच. आमच्या नाटकाले येत होता तो. बांबूच्या बेटामागे बसून दोन अंक पाह्यचा. विनोदी पात्र आलं का उठून जायचा. जाण होती त्याले."

धुरपताबाई हसली, हसताना खोकली, आणि बसली. मग मी सुरू केलं.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमची रानपाखरू रंगभूमी मूलजवळच्या एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये तालमीला उतरली होती. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दिवाळीला धान निघालं की मोकळ्या बांधीत, म्हणजे कापलेल्या शेतात, मंच उभा राहतो आणि होळीपर्यंत गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात. तिकिटाला रांग, बसायला पोतं, आणि पहाटेपर्यंत एक माणूस उठत नाही. शहरातल्या नाटकवाल्यांनी हे एकदा पाहावं आणि आपल्या एसीचं बटण बंद करून घरी जावं.

त्या दिवशी रंगीत तालीम होती. सगळे रंग लावून, कपडे चढवून तयार. तेवढ्यात जीप आली. उतरली डॉक्टर नूतन खोब्रागडे. ही मूलचीच पोरगी. लहानपणी आमच्या नाटकाला आईच्या मांडीवर पहिल्या रांगेत झोपायची, आता त्याच भागाची डॉक्टर होऊन आली होती. म्हणाली, "काका, तुमची कंपनी गावोगाव जाते, घराघरात जेवते. तुमच्यातल्या एकाला क्षयरोग असला तर हंगामभर तो वाटत फिरेल. आधी तुमच्या छात्या पाहते, मग नारळ फोडा."

माझा माइक घेऊन मी एकेक नाव पुकारलं, फोटो निघाले. एक्स-रे वाचणारा मोठा डॉक्टर दूर नागपुरात बसतो, त्याच्यापर्यंत फोटो जायला आणि उत्तर यायला वेळ लागतो. म्हणून सोबत ही नवी अक्कल दिली होती, एआय म्हणतात ती. लॅपटॉपवर छाती उमटते न उमटते, तोच ती संशयाची जागा लाल करून दाखवते. आमच्या सगळ्यांच्या छात्या स्वच्छ निघाल्या. लाल निघाली एकच. नाव होतं लटारू.

लटारू म्हणजे आमचा राजा. नाटकातला नायक. एका हातानं बैलगाडीचं चाक उचलायचा आणि परातभर भात खाऊन पुन्हा परात पाहायचा. त्याला क्षय? दोनदा थुंकी तपासली, काही नाही. दुसऱ्यांदा फोटो काढला, आरशासारखा साफ.

मग आठवड्यानं जिल्ह्याचे एक साहेब आले. खुर्चीत बसायच्या आधीच निकाल दिला. "मशीन भुलली. जंगलात हे एआय-बिएआय चालायचं नाही. उद्या सकाळी पॅक करून परत पाठवा."

नूतननं लॅपटॉपवर लटारूचे दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. एकावर बोट ठेवलं, नंतर दुसऱ्यावर. मग म्हणाली, "साहेब, मशीन चुकली नाही. आपण चुकलो. आपण नाव विचारलं, छाती नाही विचारली. हे दोन फोटो एका माणसाचे नाहीत."

२

"हे तिले कसं समजलं?" धुरपताबाईनं विचारलं.

"मी दाखवलं ना."

"तुम्ही?"

"म्हणजे, तिनं दाखवलं. मी मान हलवली. पण पहिली मान माहीच हलली."

पहिल्या फोटोत गळ्याखालचं डावं हाड वाकडं होतं. मधोमध गाठ, बांबूच्या पेरासारखी. म्हणजे जुनं मोडलेलं, नंतर जुळलेलं हाड. दुसऱ्या फोटोत तेच हाड सरळ. मोडलेलं हाड जुळतं, जुळलेली गाठ आठवड्यात विरघळत नाही.

साहेब म्हणाले, "मग तुमच्या एआयला ती गाठ का नाही दिसली?"

"कारण तिला हाडं पाहायला शिकवलंच नाही," नूतन म्हणाली. "तिला फुप्फुसातला क्षय शोधायला शिकवलंय. तेवढंच ती पाहते, पण ते न थकता पाहते. बाकी पाहायला आपण आहोत."

मला ते फार पटलं. कारण माझा धंदाच तो. प्रॉम्प्टर विंगेत बसून हळूच सांगतो, पण बोलायचं पात्रानं. ही अक्कलही तशीच. पुढचं वाक्य कानात सांगते. ते खरं मानायचं का, कोणाला आणि कसं सांगायचं, हे काम मंचावर उभ्या असलेल्या डॉक्टरचं. त्या दिवसापासून आमची कंपनी त्या यंत्राला 'छोटा प्रॉम्प्टर' म्हणू लागली. मोठा कोण, ते सांगायला नको.

पण कौतुक करायला वेळ कुठे होता? लाल डाग खरा होता. म्हणजे त्या डागाचा मालक आमच्यातच मोकळा फिरत होता. आणि आमच्यात पिंकीचं लेकरू होतं. पिंकी कपडेपट सांभाळायची. तिचं ते तान्हं दिवसभर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरायचं. राजाच्या मांडीवर झोपायचं, राक्षसाच्या मिशा ओढायचं. नूतन त्याच्याकडे पाहून म्हणाली, "मोठ्या माणसाला औषध देता येतं, तो बरा होतो. एवढ्याशा जिवाला लागण झाली तर रोग मेंदूपर्यंत चढतो. मला तो माणूस आजच हवा."

"उद्या सकाळपर्यंत माणूस सापडला तर मशीन राहील," साहेब म्हणाले. "नाहीतर जाईल." त्यांनी यंत्र जीपमध्ये ठेवलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. म्हणजे पुन्हा सगळ्यांचे फोटो काढायची वाटही बंद.

तेवढ्यात नूतनला केंद्रातून फोन आला. एक बाई अडली होती. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "नथ्थूकाका, हा माणूस तुम्हीच शोधा. तुम्हाला तो सगळ्यांत लवकर सापडेल."

आता मी सोडून दुसऱ्या कोणाला सांगणार? मी आयुष्यभर लोकांची वाक्यं ऐकत आलोय. माझी एक खूण आहे. खरं बोलणारा अडखळतो, कारण तो आठवून बोलतो. पाठ केलेलं असतं तेच सुरळीत येतं. जो अडखळत नाही, त्याला धरायचं.

पहिला धरला तो फोटो काढणारा मिथुन. त्यानं राजाबद्दल जे सांगितलं ते ऐका.

३

मिथुन तंत्रज्ञ होता, गडचिरोलीहून नवाच आलेला. आमच्यातल्या एकालाही ओळखत नव्हता.

"त्या दिवशी... म्हणजे... सगळे रंग लावून होते ना जी," तो अडखळला. बरं वाटलं. "कोण राक्षस, कोण प्रधान. नाव पुकारलं की एकेक येत होता. राजा आला. मी मुकुट काढायला लावला, गळ्यातली माळ काढायला लावली. मिशी राहू दिली. मिशी फोटोत येत नाई."

"चेहरा?"

"मिशीच होती सारी. अन् गालावर लाल रंग. बोलला नाई काही. श्वास रोखा म्हटलं तर रोखला, पण मग लय खोकला."

"आणखी काही?"

मिथुननं डोकं खाजवलं. "लटारूचं नाव पुकारलं, तर कोणीच आलं नाई. मंग थोड्या वेळानं राजा आला. त्याच्यानंतर माइकच बंद होता. पुढचं नाव यायले वेळ लागला."

"माइकचं सोडा," मी म्हणालो. "आमच्या माइकाले दुपारी झोप येते."

मग मी लटारूला मिलच्या मागे गाठलं. कोंड्याच्या ढिगावर बसून तो मिशी विंचरत होता.

"फोटो काढाले तू गेलता का?"

"गेलतो. उभा राह्यलो. श्वास रोखला. आलो."

एकदाही अडखळला नाही. पाठ केलेलं! मी हळूच विचारलं, "अन् मुकुट कोणाच्या हाती देल्ला होता?"

"मुकुट... मुकुट तं... माह्या डोक्यावरच..."

"डोक्यावर मुकुट ठेवून फोटो निघत नाई राजे. मिथुननं काढायले लावला होता. मंग गेला कुठी?"

लटारूचा रंग उतरला. राजा रडायला लागला की मिशी आधी खाली येते, हे मी तेव्हाच पाहिलं. "नथ्थूभाऊ, कोणाले नका सांगू. मी वरोऱ्याले गेलतो, पोट्टी पाह्यले. मालक सुट्टी देत नव्हता. परत आलो तं सारे म्हणून राह्यले तुले क्षय निंघाला! मी म्हणू कसा, का तो फोटो माहा नाई म्हणून? अन् न म्हणू तं सोयरीक मोडते!"

"तुह्या जागी कोण उभा राह्यला?"

"आईची आन, मले नाई माहीत. माह्या जागी कोणी उभा राह्यला हेच मले उपकार वाटले."

"बाप्पा!" धुरपताबाईनं कपाळावर हात मारला. "फोटो काढालेबी बदली माणूस पाठवला?"

बाई, हीच तर आमची चूक आणि हाच आमचा मान. झाडीपट्टीत पात्र नाही आलं म्हणून नाटक थांबलंय असं कधी झालं नाही. एस.टी. चुकली, ताप आला, बायको बाळंत झाली, तरी पडदा वेळेवर वर जातो. नाव पुकारलं आणि जागा रिकामी राहिली, याच्यासारखी नामुष्की दुसरी नाही. ज्याला वाक्यं ठाऊक, तो मिशी लावतो आणि उभा राहतो. त्या दिवशी डॉक्टरीण समोर, पाहुणे समोर, आणि राजाचं नाव पुकारूनही राजा नाही. कोणाच्या तरी जिवाला ते सहन झालं नाही. त्यानं चोरी केली नव्हती. त्यानं प्रयोग वाचवला होता.

फक्त त्याला हे कळलं नाही की नाटकात दुसऱ्याची मिशी चालते, एक्स-रेत दुसऱ्याची छाती चालत नाही.

पण मुकुट त्यानं कोणाच्या तरी हातात दिला होता. आणि तो हात मला माहीत होता.

४

पिंकी लेकराला पाजत बसली होती. मला पाहून पदर सावरला.

"मुकुट? हो जी, माह्याच हाती देल्ला. मी खाली मान घालून बसली होती, तोंड नाई पाह्यलं." ती थांबली, आठवू लागली. "एकच हात आला समोर. उजवा. मुकुट दोन हातानं उतरवते ना माणूस? यानं एकाच हातानं उतरवला. डावा हात... खालीच होता. वर जात नव्हता वाट्टे."

म्हणजे डाव्या हाडाची गाठ आणि वर न जाणारा डावा हात. जुळलं.

"तुमचा डावा हातबी सकाळचा मांडीवरच हाये," धुरपताबाई म्हणाली.

"तो जन्माचाच आळशी हाये बाई. मधात नका बोलू, आता महत्त्वाचं येऊन राह्यलं."

आमच्या कंपनीत हाडं मोडली ती एकाच दिवशी. आदल्या हंगामात एका नाटकात शिकारीचा प्रवेश होता. मंचावर खरं बांबूचं मचाण. मचाणावर तिघे, म्हणजे आमचा खलनायक सोमाजी, तलवारवाला बिरजू, आणि माणूस कमी पडला म्हणून शिकाऱ्याचा गडी झालेला पेटीवाला डोमा. मचाणाच्या खाली पडद्याआड पुस्तक घेऊन मी. सोमाजीनं बार काढला, बार जोरात झाला, आणि मचाण सगळ्यांना घेऊन खाली आलं. तरी सांगतो, त्या ढिगातून पुढचं वाक्य बरोबर वेळेवर ऐकू आलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हे नाटकातच आहे. ऐकू आलं ते कोणाच्या तोंडून, हे सांगायला मी लाजतो.

म्हणजे संशयित तीन. सोमाजी, बिरजू, डोमा.

सगळी कंपनी सोमाजीकडे बोट दाखवत होती. कारण तो खोकायचा. असा खोकायचा की मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मी त्याच्याकडे गेलो, तर तो बिडी विझवून उभा राहिला आणि म्हणाला, "मले ठाऊक हाये तू काऊन आला. धर, दाब माहं हाड."

मी दाबलं. गाठ होती. चांगली ठसठशीत, पेरासारखी गाठ.

५

गाठ उजवीकडे होती.

सोमाजीचा खांदा उजव्या बाजूचा मोडला होता. शिवाय त्याचा स्वतःचा फोटो त्याच्या नावावर निघाला होता आणि छोट्या प्रॉम्प्टरनं तो साफ म्हणून सोडला होता. बिडीचा खोकला वेगळा. मी त्याला तसं सांगितलं तर तो नाराज झाला. त्याला मोठी भूमिका मिळाल्यासारखं वाटत होतं.

बिरजूचा खांदा डावाच. गाठही होती. मी म्हटलं, सापडला! पण बिरजूनं सदरा बाजूला केला आणि कापल्याची लांब खूण दाखवली. "भाऊ, माहं चंद्रपूरले ऑपरेशन झालं. आत लोखंडी पट्टी हाये, स्क्रू हाये."

तिथंच तो सुटला. हाडाला पट्टी आणि स्क्रू असते तर फोटोत ते पांढरेशुभ्र चमकले असते, भातावर चमचा ठेवल्यासारखे. लटारूच्या नावावरच्या फोटोत चमचा नव्हता. नुसती गाठ होती. म्हणजे हाड दवाखान्यात नाही, गावच्या हाडवैदानं बांबूच्या कामट्या बांधून जुळवलं होतं.

राहिला डोमा. त्याचं हाड हाडवैदानंच जुळवलं होतं. आणि सगळ्या कंपनीत फोटो निघाला नव्हता तो त्याचाच. कारण त्याचं नाव कोणी पुकारलंच नाही.

डोमाला मी मिलच्या पायऱ्यांवर गाठलं. सूर्य कलला होता. पलीकडच्या बांधीत धानाचे भारे रचून ठेवले होते. आम्ही दोघंच होतो. मी काही विचारलंच नाही. तोच बोलला आणि फार अडखळला.

"मले वाटलं... नाव पुकारलं अन् कोणीच नाई उठत... राजाच नाई म्हणजे कंपनीची लाज. म्हणून मिशी लावली. मले काय माहीत, का माह्याच छातीत..." त्यानं स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. "संध्याकाळी अंग तापते. मी म्हणे थंडीनं असंन. तो डाग लटारूचा म्हणून सारे सांगून राह्यले, अन् मले एकट्यालेच माहीत का तो माहा हाये. आता सांगतलं का कंपनी काढून टाकते. लेकरू जवळ येत नाई. ज्याले आवाजाशिवाय काही नाई, त्याच्या आवाजालेच लोक भ्यायले लागले, तं तो जाईन कुठी?"

"अन् न सांगतलं तं?"

"सकाळी ते लेकरू माह्या मांडीवर होतं," डोमा म्हणाला. "माही बोटं धरून झोपलं होतं."

एवढंच बोलला तो. मग उठला.

धुरपताबाई आता खोकत नव्हती. पदर तोंडाशी धरून नुसती पाहत होती. "मंग?" ती म्हणाली. "कंपनीनं काढून टाकलं त्याले?"

६

सगळी कंपनी मिलच्या अंगणात जमली होती. साहेब खुर्चीत. नूतन नुकतीच परत आली होती, बाळंतपण सुखरूप झालं होतं. डोमा मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तो फोटो माहा हाये."

मला वाटलं, आता एकेक जण मागे सरकेल.

पहिली उठली ती पिंकी. तिनं लेकरू शेजारणीकडे दिलं, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून याच्या हातात ठेवला. मग सोमाजी म्हणाला, "अरे, गोळ्या खायच्या हाये ना, खा. पण याची जागा दुसऱ्या कोणाले देली तं मी बार खरा काढीन." लटारू आला आणि सगळ्यांसमोर रडला. त्याची सोयरीक त्याच हंगामात झाली, मुलीकडच्यांना तो रडका राजा फार आवडला.

नूतननं थुंकी तपासली. छोट्या प्रॉम्प्टरनं जे कानात सांगितलं होतं, तेच निघालं. मग तिनं त्या साहेबांकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ नायिका पाहिल्या, मंचावर असं कोणी उभं राहिलेलं पाहिलं नाही. ती म्हणाली, "साहेब, हा डाग इतका लहान होता की घाईत माझ्याही नजरेतून सुटला असता. यंत्रानं छाती ओळखली आणि या माणसांनी माणूस ओळखला. किल्ली द्या."

साहेबांनी किल्ली दिली. यंत्र राहिलं. आज आत आहे ना, ते त्याचंच भावंड. आणि सांगताना माझी छाती फुगते बाई, की आमच्या मुलखात, जिथं पूल वाहून गेला की चार दिवस पेपर येत नाही, तिथं ही अक्कल बांबूच्या वाटेनं गावोगाव फिरते आणि तिच्यासोबत आमच्या घरची पोरगी फिरते.

लेकराला तपासलं. त्याला काही नव्हतं. तरी नूतननं त्याला अगोदरच औषध सुरू केलं. आता ते चालतं, पळतं आणि खलनायकाला चावतं.

आणि डोमा? सुरुवातीला काही आठवडे इतरांपासून दूर, मोकळ्या हवेत बसायचं होतं. कंपनीनं काय केलं असेल? मंचापासून लांब चिंचेखाली त्याची खुर्ची मांडली, माइकची वायर तिथपर्यंत ओढली. गोळ्या वेळेवर मिळतात का ते पाहायला सोमाजी राक्षसाच्या वेशात यायचा. चिंचेखाली बसून त्यानं ते आठवडे काढले आणि अख्ख्या हंगामात एक वाक्य चुकू दिलं नाही. औषध पूर्ण झालं, पुन्हा फोटो काढला, लाल डाग पुसून गेला. आज तो ठणठणीत आहे. संपली गोष्ट.

"थांबा," धुरपताबाई म्हणाली.

आत पुढचं नाव पुकारलं गेलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"पेटीवाल्याचं वाक्य कोणतं जी?"

"सूर. सूर म्हणाचं होतं मले."

"पेटीवाल्याले माइक कायले लागते? अन् वाक्यं कोणाले पाठ राह्यते? मी आजी झाली झाडीची नाटकं पाह्यता पाह्यता. पात्र नाई आलं का पेटीवाला नाई उभा राह्यत. त्याले पेटी सोडून जाता येत नाई. प्रॉम्प्टर उभा राह्यते. इथच्या लेकराले माहीत हाये."

"बाई, चहा घ्या..."

"त्या दिवशी माइक बंद कायले झाला? माइकवाला मिशी लावून आत गेलता म्हणून. फोटोसाठी नाव पुकारणारे तुम्ही, मंग तुमचं नाव कोणी पुकारलं? मचाण पडलं तवा खाली कोण होतं? त्या डॉक्टरीणबाईले तवाच समजलं होतं, म्हणून जाता जाता तुमच्यापाशी थांबली ती. अन् तुम्हीच तं म्हणाले, का खरं बोलणारा अडखळते. मिथुन अडखळला, पिंकी थांबली, डोमाबी अडखळला म्हणता. तुम्ही सकाळपासून सांगून राह्यले, एकडाव तरी अडखळले का?"

मी काही बोलायच्या आत तिनं पुढे वाकून माझ्या गळ्याखाली, डाव्या हाडावर अंगठा टेकवला आणि दाबला.

"हे काय हाये? बांबूचं पेर?"

ओसरीवरची सारी रांग माझ्याकडे वळली. धुरपताबाई उठली, पदर खोचला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "खोटं बोलून राह्यले तुम्ही, नथ्थूभाऊ. डोमा-फोमा कोणी नव्हता. तो लाल डाग तुमचा होता. अन् तुम्ही इथी बसून वाघाच्या गोष्टी सांगून राह्यले, एकट्यानं दोघाइतकं तोंड वाजवून राह्यले! मंग मले काय होते? सरका बाजूले. माहा नंबर हाये."